सोम्यागोम्या म्हणजे नक्की कोण?

काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणाले "कोणीही सोम्यागोम्या येऊन सांगेल आणि आपण ऐकायचं का", मला जाम खटकलं. साध्या माणसाला असं म्हणतात का?

> नाही हो, साधा माणूस वेगळा. सोम्यागोम्या म्हणजे ऐरागैरा, ज्याला काही किंमत नाही असा. सोमा, गोमा ही गावाकडची साधी नावं, तीच हलकी करून वापरलीत म्हणून टोचतं.

> आमची आजी गोरगरीब म्हणायची, त्यात माया होती. लिहिताना मी सर्वसामान्य वापरते.

> आणि रयत? मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला, म्हणजे प्रजा, त्यातही जमीन कसणारा शेतकरी. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, किती मानाने वापरलाय तिथे हा शब्द!

> धन्यवाद, काकांना सांगतेच आता.