पहिली ते चौथीला हाउस: गुणांचा तक्ता लावायचा का?

चौथीची_बाई
नव्या सत्रापासून आमच्या शाळेत हाउस, म्हणजे मुलांचे रंगांवरून पाडलेले गट, सुरू होणार आहेत. लाल, निळं, हिरवं, पिवळं, नेहमीचंच. मुख्याध्यापिकांचं म्हणणं, मुलांना आपली माणसं मिळतील आणि शिस्तही लागेल. पहिलं मला पटतं. शिस्तीसाठी मात्र दारातच मोठा तक्ता लावायचा, चांगलं वागलं की अधिक, वाईट वागलं की उणे, असा बेत आहे आणि तिथे माझं अडतंय. सहा वर्षांच्या एका पोरामुळे अख्ख्या हाउसचे गुण गेले तर त्याचं बाकीची मुलं काय करतील? ज्यांनी प्रत्यक्ष चालवलंय त्यांनी सांगा.

मैदानावरचे_सर
उणे गुण नकोत. रिले हरली की पोरं रडतात आणि पाण्याच्या नळापर्यंत जाता जाता विसरतात. "तुझ्यामुळे गेले" हे मात्र पुढच्या सामन्यापर्यंत चालू राहतं.

जुना_खडू
बरीच वर्षं हाउसचं काम बघते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तक्त्याचं नंतर बघा, आधी वाटणी नीट करा. सख्खी भावंडं एकाच हाउसमध्ये, नाहीतर घरी रोजची भांडणं. वर्षाच्या मधे आलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी हाउस द्या. आणि प्रत्येक हाउसमध्ये सगळ्या इयत्ता हव्यातच. वर्गात मूल आपल्याच वयाच्या मुलांत असतं. हाउसमुळे चौथीतल्या ताईला पहिलीतल्या पोराचं नाव माहीत होतं. आपल्याला नावाने ओळखणाऱ्यासमोर मूल जरा सांभाळून वागतं. शिस्त आलीच तर या वाटेने येते.

आमच्याकडे हाउसची बैठक असली की चौथीतली मुलं पहिलीतल्यांना वर्गातून आणतात आणि परत सोडतात. एक मुलगा होता, बाक वाजवणारा, रांगेत ढकलाढकली करणारा. कॅप्टन म्हणून त्याला कुणी निवडलं नसतं. त्याच्याकडे पहिलीतली दोघं दिली. जिना उतरताना ती दोघं भिंतीकडून आणि हा कठड्याकडून, हे त्याचं त्यानेच ठरवलं. एकाच्या बुटाची नाडी सुटली की सगळी रांग थांबवून बांधायचा. बाक वाजवणं काही थांबलं नाही हं, पण रांगेतली ढकलाढकली गेली.

आता गुण. गट पाडले की आपलेपणा लगेच येतो, त्याला फार खटपट लागत नाही. मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी १९७१ च्या लेखात दाखवलं की अगदी किरकोळ कारणावरून गट पाडले तरी मुलगे आपल्याच गटाला झुकतं माप देतात. तोच आपलेपणा चढाओढीला जुंपला की काय होतं, ते दुसरे मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ साली अमेरिकेतल्या उन्हाळी शिबिरात पाहिलं. मुलग्यांचे दोन गट, त्यांच्यात बक्षिसांचे सामने. प्रकरण शिवीगाळ आणि एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत गेलं. नुसतं एकत्र जेवायला बसवून भागलं नाही. पाणीपुरवठा बंद पडला, ट्रक अडून बसला, आणि दोन्ही गटांनी मिळून काम निभावलं, तेव्हा कुठे तेढ ओसरली.

तुमच्या नेमक्या प्रश्नाचं उत्तर १९६९ च्या एका प्रयोगात आहे. चौथीच्या वर्गाचे दोन गट, नियम मोडला की गटाच्या नावावर खूण, असा खेळ. गडबड खूपच कमी झाली. पण दोन मुलं आपल्या गटाला सारख्या खुणा मिळवून द्यायला लागली आणि शेवटी त्यांना खेळाबाहेर काढावं लागलं. तुमचं सहा वर्षांचं पोर ते हेच! त्याच प्रयोगातली घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, खुणा ठरलेल्या मर्यादेत राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत होते.

दोघांची_आई
माझी धाकटी हल्ली सांडलेले खडू उचलण्याआधी विचारते, "याचे किती गुण?" एवढंच सांगायचं होतं.

चौथीची_बाई
@जुना_खडू, मुख्याध्यापिका तक्ता सोडणार नाहीत. मग निदान काय मागून घेऊ?

जुना_खडू
तीन गोष्टी मागा. वागण्याची तक्रार मुलाची आणि वर्गशिक्षिकेची. ती हाउसच्या खात्यात जाणार नाही. गुण देताना कारण मोठ्याने सांगायचं. "छान" म्हणून गुण नाही, "नवीन मुलीला खेळात घेतलंस" म्हणून गुण. आणि दर महिन्याला तक्ता कोरा, नाहीतर मागे पडलेलं हाउस अर्ध्या सत्रातच प्रयत्न सोडतं.

जमलं तर तक्त्याशेजारी एक मोठी पारदर्शक बरणी ठेवा. चारही हाउसचे मणी त्यातच. भरली की सगळ्या शाळेला एक तास जास्तीचा खेळ. मैदानावरचे सर नाही म्हणणार नाहीत.

मैदानावरचे_सर
एक तास मान्य. फक्त परीक्षेच्या आठवड्यात बरणी भरू देऊ नका.