मक्याचा पूर्वज खरंच गवत होतं का?

प्रश्न: मक्याचा पूर्वज म्हणतात त्या टिओसिंटे या मेक्सिकोतल्या जंगली गवताचा फोटो बघितला, कणसात जेमतेम ५ ते १२ दाणे आणि प्रत्येकावर दगडासारखं कवच. याच्यापासून मका झाला हे पटतच नाहीये, नक्की कसं झालं?

उत्तर १: पटत नाही हे अगदी साहजिक आहे, शास्त्रज्ञ पण कित्येक वर्षं यावर भांडलेत. जॉर्ज बीडल या अमेरिकी आनुवंशिकी शास्त्रज्ञाने मका आणि टिओसिंटे यांचा संकर करून दुसऱ्या पिढीची जवळजवळ ५०,००० झाडं तपासली, तर साधारण ५०० झाडांमागे एक टिओसिंटेसारखं आणि तितकीच मक्यासारखी निघाली, म्हणजे मोठा फरक फक्त चार-पाच जीन्सचाच (जनुकांचाच), जास्त असते तर अशी झाडं याहून खूपच क्वचित निघाली असती!

उत्तर २: त्यातला एक जीन कवचाचा, तो बदलला आणि दाणा उघडा पडला. दुसरा फांद्यांचा, त्यामुळे झुडपाचं एकच ताठ खोड झालं. मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात साधारण ९,००० वर्षांपूर्वी हे सुरू झालं. तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या चांगलं बी निवडून ठेवलं, मला तर हे माणसाच्या सगळ्यात मोठ्या कामांपैकी एक वाटतं.

प्रश्नकर्ता: पण कवच असताना खायचे कसे?

उत्तर १: तापवलं की लाहीसारखं फुटतं, हेही बीडलनीच १९३९ मध्ये दाखवलं होतं.