सिझेरियनचे पॅकेज आणि त्याबाहेरचा खर्च

सिझेरियनसाठी रुग्णालयाच्या पॅकेजची रक्कम एकदा ठरली की पुढची चिंता मिटते, असे काहींना वाटते. त्यात थोडी भर घालतो. पॅकेजमध्ये साधारणपणे शस्त्रक्रिया, भूल आणि ठरावीक दिवसांचा मुक्काम धरलेला असतो. परंतु बाळ जन्मताच पुष्कळदा स्वतंत्र रुग्ण म्हणून नोंदले जाते, आणि बालरोगतज्ज्ञांची फी, चाचण्या किंवा काविळीसाठीचा प्रकाशोपचार यांचे बिल वेगळे येऊ शकते. बाळाला नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, तर तेथील खर्च मूळ शस्त्रक्रियेच्या खर्चालाही मागे टाकू शकतो. वैद्यकीय कारण नसताना गर्भारपणाच्या ३९ आठवड्यांपूर्वीची सिझेरियनची तारीख केवळ सोयीसाठी मागू नये, कारण अशा बाळांना श्वसनाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. (हा सल्ला आधी बाळासाठी आहे, खर्चाचा विचार नंतरचा.)

सिझेरियन ठरलेले नसले, तरी कळा सुरू झाल्यावर ते ऐनवेळी करावे लागू शकते. म्हणून नैसर्गिक प्रसूतीची अपेक्षा असणाऱ्यांनीही दोन्हींच्या खर्चाचा अंदाज लेखी मागावा. त्यात रक्त द्यावे लागल्यास, मुक्काम वाढल्यास आणि रात्री तातडीने शस्त्रक्रिया झाल्यास किती वाढ होईल, हे स्पष्ट विचारावे. विम्याबाबत एवढेच, की प्रसूतीच्या लाभासाठी अनेक पॉलिसींत प्रतीक्षाकाळ (पॉलिसी घेतल्यापासून लाभ सुरू होईपर्यंतचा अवधी) असतो, त्यामुळे गर्भधारणेनंतर घेतलेली पॉलिसी त्याच बाळंतपणाला बहुधा उपयोगी पडत नाही. नवजात बाळाला संरक्षण कोणत्या दिवसापासून मिळते, हेही त्याच वेळी तपासून घ्यावे.