ट्यूबलेस माउंटन बाइकच्या टायरमध्ये प्लग घालूनही हवा टिकत नाही – मदत हवी आहे

कच्चीवाट
आशेवाडीहून रामशेजच्या पायथ्याच्या वाटेने परत येताना मागच्या टायरमध्ये बाभळीचा काटा शिरला. टायर ट्यूबलेस आहे, म्हणजे आत ट्यूब नाही. काटा उपसल्याबरोबर हवा निघून गेली, थोडासा पांढरा द्रव बाहेर आला, पण भोक बुजले नाही. पेठ रोडवरच्या एका पंक्चरच्या दुकानात मोटरसायकलच्या टायरला घालतात तो दोरीचा प्लग घालून घेतला आणि घरी पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर पूर्ण बसलेला होता. तेव्हापासून संध्याकाळी हवा भरली की सकाळपर्यंत निघून जाते. येत्या रविवारी अंजनेरीच्या बाजूला जायचे ठरले आहे आणि सोबत येणाऱ्यांपैकी कोणालाही ती वाट माहीत नाही, त्यामुळे मला जाणे भाग आहे. दुसरा प्लग घालावा की आतून पॅच लावावा, एवढेच कृपया सांगावे. नवा टायर घेण्याचा सल्ला नको, कारण टायरची नक्षी अजून जराही झिजलेली नाही.

दोनचाकी
ट्यूब घाला आणि निश्चिंत व्हा. ट्यूबलेस व्हॉल्व्ह काढायचा, टायरच्या आतून चारही बाजूंनी सावकाश बोट फिरवून अडकून राहिलेली काट्यांची टोके काढायची आणि नेहमीची ट्यूब बसवायची. मी त्र्यंबक रस्त्यावर आणि गंगापूर धरणामागच्या कच्च्या वाटांवर अनेक वर्षे ट्यूबवरच सायकल चालवत आहे. ट्यूबचे पंक्चर कोणत्याही गावात निघते, ट्यूबलेसची दुरुस्ती मात्र शहराबाहेर कोणी करत नाही.

त्रिरश्मी
उत्तर देण्यापूर्वी काही गोष्टी कळणे आवश्यक आहे. चाक किती इंची आहे? भोक टायरच्या मधोमध आहे, कडेच्या गुठळ्यांजवळ आहे की बाजूच्या पातळ भिंतीवर? सीलंट, म्हणजे भोक बुजवण्यासाठी टायरच्या आत घालतात तो द्रव, शेवटचे कधी घातले होते? टायरवर ‘ट्यूबलेस रेडी’ असे छापले आहे की तो जुन्या यूएसटी पद्धतीचा आहे? हा शेवटचा प्रश्न मी एवढ्यासाठी विचारतो की १९९९ साली आलेल्या यूएसटी टायरला आतून हवाबंद रबराचा थर असे आणि तो सीलंटशिवायही हवा धरत असे. ट्यूबलेस रेडी टायर वजनाने हलके असतात, परंतु त्यांची भिंत सीलंटवाचून हवा नीट धरू शकत नाही. बाजूची भिंत कापली गेली असेल तर प्लगचा उपयोग होत नाही, कारण ती प्रत्येक धक्क्याला वाकते आणि प्लग सैल होतो.

कच्चीवाट
मी एक साधा प्रश्न विचारला होता. असो. चाक २९ इंची, टायर २.२५ रुंदीचा आणि ट्यूबलेस रेडी आहे. भोक अगदी मधोमध आहे. सीलंट सायकल घेतली तेव्हा, म्हणजे मागच्या दिवाळीत, दुकानातच घातले होते. ट्यूब घालायची नाही, कारण खडकाळ उतारावर हवा कमी ठेवली की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते. तेवढ्यासाठीच तर ट्यूबलेस घेतले.

द्राक्षमळा
मागच्या दिवाळीतले सीलंट म्हणजे आता टायरमध्ये सीलंट नाही, असेच समजा. लॅटेक्सचे सीलंट साधारण दोन ते सहा महिने द्रवरूपात राहते, आणि नाशिकच्या उन्हाळ्यात गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या सायकलीत त्याहून लवकर वाळते. पाण्याचा अंश उडून गेला की आत रबराच्या पापुद्र्या आणि गोळे तेवढे उरतात. काटा काढल्यावर थोडासाच द्रव आला आणि भोक बुजले नाही, याचा अर्थ हाच आहे. बाभळीच्या काट्याचे भोक ताज्या सीलंटने चाक दोनचार वेळा फिरवताच बुजायला हवे होते. सराट्याची तर गोष्टच सोडा, ते टोचलेलेसुद्धा कळत नाहीत. तुमच्या मापाच्या टायरमध्ये ८० ते १०० मिलिलिटर ताजे सीलंट घाला. टायर उतरवण्याची गरज नाही. व्हॉल्व्हचा आतला गाभा त्याच्या किल्लीने फिरवून काढा आणि बिनसुईच्या सिरिंजने सीलंट आत सोडा.

लोखंडीघोडा
सायकलचे सीलंट महाग पडते आणि लवकर वाळते, हे द्राक्षमळा यांनी स्वतःच मान्य केले आहे. मोटरसायकलसाठी मिळणारे जेल वाळत नाही. माझ्या रोजच्या सायकलमध्ये मी तेच वापरतो आणि सातपूरच्या कारखान्यांच्या रस्त्यांवर, जिथे लोखंडाचा कीस पडलेला असतो, मला त्रास झालेला नाही.

द्राक्षमळा
आपल्या सायकलला ट्यूब आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. मोटरसायकलचे बहुतेक जेल ग्लायकॉलचे आणि तंतूंचे असते. ते दाट असल्यामुळे मोटरसायकलच्या जाड टायरमध्ये उपयोगी पडते, परंतु सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हमध्ये त्याचे तंतू अडकतात. त्याहून मोठी अडचण अशी की ते एकदा आत पसरले की तिथे नंतर पॅच चिकटत नाही. प्रश्नकर्त्याला पॅच लावायचा असेल तर ही वाट त्याने धरू नये.

लोखंडीघोडा
माझ्या सायकलला ट्यूब आहे, आणि जेल ट्यूबमध्येच घातले आहे. तरीही जेल वाळत नाही, हा माझा मुद्दा खरा आहे.

घाटमाथा
हवा किती ठेवता, हे कोणीच विचारलेले दिसत नाही. सत्तर किलोच्या आसपास वजन असलेल्या माणसाने २.२५ च्या टायरमध्ये मागे साधारण २५ पीएसआय आणि पुढे त्याहून दोनतीन कमी ठेवावे. पेट्रोल पंपावर मोटरसायकलइतकी हवा भरून घेणारे अनेक जण मी पाहतो. त्यामुळे टायर दगडावरून उसळतो, वळणावर पकड सुटते आणि अंजनेरीच्या बाजूच्या मुरमाड उतारावर ती सुटली की सावरायला वेळ मिळत नाही.

त्रिरश्मी
हवेचे प्रमाण महत्त्वाचे खरेच, परंतु रात्रीतून हवा जाण्याचे कारण त्यात नाही. कच्चीवाट, हवा नेमकी कुठून जाते हे आपण पाहिले आहे का? प्लगमधूनच जात असेल असे आपण सर्व जण गृहीत धरून बोलत आहोत. हवा पूर्ण भरा, घमेल्यात पाणी घेऊन चाक थोडे थोडे बुडवत पूर्ण फिरवा आणि बुडबुडे कुठे येतात ते लिहा. प्लगची जागा, टायर आणि रिमची कड, व्हॉल्व्हचे बूड आणि प्रत्येक स्पोकची मुळी, या सर्व जागा पाहा. आणखी एक, दुकानात टायर रिमवरून उतरवला होता का?

कच्चीवाट
पाहिले. प्लगपाशी एकही बुडबुडा नाही. व्हॉल्व्हच्या बुडाशी येतात आणि तीनचार स्पोकच्या मुळाशीही येतात. दुकानात टायर एका बाजूने उतरवला होता, लोखंडी पट्ट्या घालून. काट्याचे टोक आत राहिले आहे का ते त्यांना पाहायचे होते. पण स्पोकचा आणि पंक्चरचा संबंध काय?

त्रिरश्मी
संबंध थेट आहे. ट्यूबलेस चाकात रिमच्या आतल्या बाजूला स्पोकची भोके झाकणारी एक हवाबंद टेप असते. ती फाटली किंवा एका कडेने उचलली गेली की हवा रिमच्या पोकळीत शिरते आणि मग त्या पोकळीतून जिथे फट सापडेल तिथून बाहेर पडते, म्हणजे स्पोकच्या मुळांतून, व्हॉल्व्हच्या भोकातून आणि कधी रिमच्या सांध्यातूनही. म्हणून बुडबुडे जिथे दिसतात तिथेच टेप फाटलेली असते असे नाही, आणि व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले म्हणून नवा व्हॉल्व्ह घेऊन काम होईलच असेही नाही. लोखंडी पट्टी खोल गेली की टेप सहज कापली जाते. आपले पंक्चर प्लगने बंद झालेले आहे. आता गळते ती टेप.

आधी व्हॉल्व्हची नट हाताने घट्ट करून पुन्हा पाण्यात पाहा. कधी कधी व्हॉल्व्हच्या बुडाचा रबर नीट बसलेला नसल्यामुळेही हवा याच पोकळीत जाते, आणि तेवढेच असेल तर काम तिथेच संपते. बुडबुडे थांबले नाहीत तर टेप बदलावी लागेल. टायर पूर्ण उतरवा, जुनी टेप ओढून काढा आणि रिम स्पिरिटने पुसून अगदी कोरडी करा. चिकटपणा आणि सीलंटचे डाग राहिले तर नवी टेप धरत नाही. टेपची रुंदी रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोनतीन मिलिमीटर जास्त असावी, म्हणजे ती दोन्ही कडांच्या भिंतीवर किंचित चढते. व्हॉल्व्हच्या भोकाच्या थोडे अलीकडून सुरुवात करून, ताणून धरत, बोटाने दाबत पूर्ण फेरा घ्या आणि भोकाच्या पुढे वीतभर गेल्यावर कापा, म्हणजे भोकावर दुहेरी थर येईल. भोक टोच्याने लहानच पाडा. त्यानंतर एक ट्यूब घालून, टायर बसवून, रात्रभर हवा भरून ठेवा. त्या दाबाने टेप सर्वत्र चिकटते. सकाळी टायरची एकच बाजू उतरवून ट्यूब काढा, म्हणजे दुसरी बाजू रिममध्ये बसलेलीच राहील आणि पुढचे काम निम्मे होईल.

लोखंडीघोडा
ही टेप नाशिकमध्ये सहज मिळत नाही. विजेच्या कामाची काळी टेप दोन फेरे मारून लावावी, स्वस्तात काम होते.

त्रिरश्मी
कृपया तसे करू नये. ती टेप ताणली जाणारी असते, त्यामुळे स्पोकच्या भोकांवर दाबाने फुगून खाली जाते आणि उष्णतेने तिचा डिंक सरकतो. अनेक जण टेसा ४२८९ ही पॅकिंगची पिवळी टेप वापरतात. ती लांबीच्या दिशेने ताणली जात नाही, हेच तिचे बलस्थान आहे. शहरातल्या मोठ्या सायकल दुकानात ट्यूबलेस टेप म्हणून विचारल्यास मिळावी.

द्राक्षमळा
टायर उतरतोच आहे, तर आता मूळ प्रश्नाचे उत्तर देता येईल: दुसरा प्लग नको, आतून पॅच लावा. मोटरसायकलची दोरी घालण्यापूर्वी खरखरीत टोच्याने भोक रुंद करतात आणि सायकलच्या पातळ टायरला ते मानवत नाही. आज हवा धरली तरी दोरी दगडावर घासून निघू शकते. दोरी काढा, आतली बाजू स्पिरिटने पुसा, रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा भाग पॉलिश पेपरने खरवडा आणि सोल्यूशनचा पातळ थर लावा. तो ओला असताना पॅच लावण्याची घाई करू नका. बोट लावल्यावर सोल्यूशन बोटाला न लागता नुसते चिकट वाटले पाहिजे, मगच पॅच ठेवून गोल वस्तूने मधून कडांकडे दाबा. भोक तीन मिलिमीटरच्या आत असेल तर हा पॅच आणि ताजे सीलंट पुरेसे आहे.

कच्चीवाट
नट घट्ट करून फरक पडला नाही. टायर उतरवल्यावर दिसले की टेप पट्टीच्या जागी कापली गेलेली आहे. टेप बदलली, पॅच लावला, ट्यूब घालून रात्रभर ठेवले. आता ट्यूब काढल्यावर मोकळी बाजू हातपंपाने रिममध्ये बसत नाही, हवा भरतो तेवढी कडेने निघून जाते. शुक्रवार आला आहे, लवकर सांगा.

घाटमाथा
गॅसचे लहान सिलिंडर मिळते ते वापरा. एका झटक्यात टायर बसतो.

द्राक्षमळा
त्या सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडताना इतका थंड असतो की लॅटेक्सचे सीलंट तिथल्या तिथे गोठून त्याचे गोळे होऊ शकतात. वापरायचाच असेल तर सीलंट घालण्यापूर्वी वापरावा. घरी असताना मात्र त्याची गरज नाही. टायरच्या कडेला साबणाचे पाणी चोळा. व्हॉल्व्हचा गाभा काढून ठेवा, म्हणजे हवेला मोकळी वाट मिळेल. दोन रुपयांच्या नाण्याएवढीही मोकळी जागा कडेला दिसता कामा नये, यासाठी टायर हाताने सर्वत्र बाहेर ओढून घ्या. मग उभ्या पंपाने भराभर हवा मारा. तरीही बसला नाही तर पेट्रोल पंपावर जा, परंतु तिथली नळी प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही म्हणून पितळी अडॅप्टर सोबत न्या. ते गाभ्याच्या आट्यांवर बसते, त्यामुळे तिथे गाभा जागेवर ठेवावा लागेल. टायरच्या बाजूवर छापलेली कमाल हवा ओलांडू देऊ नका. टक टक असा आवाज आला की कड बसली. मग हवा सोडून, गाभा काढून सीलंट घाला, पुन्हा हवा भरा आणि चाक आडवे धरून दोन्ही बाजूंनी हलवा.

कच्चीवाट
साबणाच्या पाण्याने आणि गाभा काढून उभ्या पंपाने बसला. सीलंट घातले. रात्री भरलेली हवा सकाळी जवळजवळ तेवढीच आहे आणि स्पोकपाशी एकही बुडबुडा नाही. सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सोबत काय घ्यावे, एवढे शेवटचे सांगा.

दोनचाकी
सायकलचे बारीक प्लग आणि त्यांची सुई, लहान पंप, प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि एक ट्यूब. बाजूची भिंत दगडाने कापली गेली तर आतून जाड प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून ट्यूब घालण्यावाचून तिथे दुसरा मार्ग राहत नाही, ट्यूबलेसवाल्यांनाही नाही. आणि निघण्यापूर्वी घरीच व्हॉल्व्हची नट हाताने सुटते का ते पाहा. सीलंट वाळून ती घट्ट बसली तर व्हॉल्व्ह निघत नाही, मग ट्यूब असूनही घालता येत नाही. सुटत नसेल तर लहान पक्कड पिशवीत टाका.