किंडलचं फर्मवेअर अपडेट करू का? पुस्तकं बहुतेक केबलने टाकलेली आहेत

मुलुंडकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१८ चं किंडल पेपरव्हाइट (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकं वाचायचं मशीन) आहे, दहाव्या जनरेशनचं, आणि त्यावर अजून ५.१२ चं फर्मवेअर (मशीनचं आतलं सॉफ्टवेअर) आहे कारण ते कायम एअरप्लेन मोडवरच असतं. मुलुंड ते सीएसएमटी रोजचं येणंजाणं, गर्दीत उभ्याने एका हातात धरून वाचतो, त्यामुळे चालू असलेलं मशीन बिघडायला नको एवढंच बघतो. पुस्तकं बहुतेक मराठी, काही विकिस्रोतावरून उतरवलेली, काही ई-साहित्यची, आणि बरीच कोणी ना कोणी टेलिग्रामवर पाठवलेली, सगळी कॅलिबरमधून (ई-पुस्तकांचा फॉरमॅट बदलायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) केबलने टाकतो. त्रास एकच आहे, काही पुस्तकांत जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर दिसते, दोन पानांत डोकं दुखायला लागतं. ऑफिसात एकजण म्हणतो अपडेट मार, सुटेल. दुसरा म्हणतो हात लावू नकोस, स्लो होईल आणि मागे येता येत नाही. कोणाचं ऐकू?

कॅलिबरवाला:
आधी जोडाक्षरांचं बघू, कारण त्यासाठी अपडेट करणार असाल तर कारणच चुकीचं आहे. फुटलेली पुस्तकं कुठल्या फॉरमॅटात आहेत ते बघा, माझा अंदाज जुन्या मोबीत असणार. मोबीत फॉन्ट एम्बेड होऊन, म्हणजे फाइलच्या आतच, येत नाही; एझेडडब्ल्यू३ या किंडलच्या नंतरच्या फॉरमॅटात येतो. मूळ पुस्तक इपब (ई-पुस्तकांचा सर्रास वापरला जाणारा फॉरमॅट) असेल तर कॅलिबरमध्ये कन्व्हर्ट बुक्स, लुक अँड फील, फॉन्ट्स, तिथे एम्बेड फॉन्ट फॅमिलीत 'मुक्त' निवडा (आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांनी केलेला फॉन्ट आहे, फुकट मिळतो आणि ई-इंकवर, म्हणजे किंडलच्या पडद्यावर, फार स्वच्छ दिसतो), मेटाडेटात भाषा मराठी करा आणि आउटपुट एझेडडब्ल्यू३ ठेवा. किंडलवर पुस्तक उघडून फॉन्टच्या यादीतून पब्लिशर फॉन्ट निवडायला विसरू नका, नाहीतर केलेलं सगळं वाया.

आणि श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या पीडीएफ असतील तर त्या कन्व्हर्ट केल्यावर कचराच निघतो, कारण आत युनिकोड मराठी नसतंच. तिथे कुठलंच अपडेट कामाला येत नाही.

अजून एक, 'अपडेट केलं की इपब चालतं' असं बरेच जण सांगतात. २०२२ पासून सेंड टू किंडल (कंपनीची नेटवरून पुस्तक पाठवायची सोय) इपब घेतं हे खरं, पण ती फाइल कंपनीच्या सर्व्हरवर बदलून मग तुमच्याकडे येते. केबलने नुसतं इपब टाकलं तर नव्या फर्मवेअरवरही ते यादीत दिसत नाही.

परळची_वाचक:
वरचं सगळं बरोबर आहे पण म्हणून ५.१२ वरच राहा असं मी अजिबात म्हणणार नाही. २०२१ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या लोकांनी दाखवून दिलं होतं की मुद्दाम बिघडवलेलं एक ई-बुक नुसतं उघडलं तरी किंडलचा पूर्ण ताबा जाऊ शकतो, अकाउंटची माहितीसुद्धा चोरता येते. ते भोक ५.१३.५ मध्ये बुजवलं, एप्रिल २०२१ मध्ये. म्हणजे तुमचं मशीन त्याच्या आधीचं, आणि तुम्ही टेलिग्रामवरून कोणीही पाठवलेली पुस्तकं टाकताय! त्यांनी तेव्हा हेही सांगितलं होतं की असं पुस्तक एखाद्या ठराविक भाषेच्या वाचकांना धरून पसरवता येतं. मराठी वाचकांना कोण धरणार असं म्हणून सोडून देऊ नका हो. विकिस्रोतावरचं पुस्तक वेगळं आणि कुठून कुठे फिरत आलेली फाइल वेगळी. माझं मत स्पष्ट आहे, अपडेट करा.

गिरगावातला:
परळच्या ताईंचा मुद्दा पटला, फक्त एक गोष्ट आधी ठरवून घ्या. अपडेट झालं की कंपनीच्या रस्त्याने मागचं व्हर्जन टाकता येत नाही, जुनी फाइल घेतच नाही. पुढेमागे जेलब्रेक करून (कंपनीची बंधनं तोडून) केओरीडर टाकायचा विचार असेल (बाहेरचं वाचनाचं सॉफ्टवेअर, इपब थेट उघडतो आणि देवनागरी छान दाखवतो) तर जानेवारी २०२५ मध्ये आलेला विंटरब्रेक नावाचा जेलब्रेक ५.१८.१ पासून बंद केलाय. तसला काही विचार नसेल तर थांबण्यात अर्थ नाही. उलट फार मागे राहिलं की वेगळीच पंचाईत होते, २०१६ मध्ये जुन्या किंडलवाल्यांना २२ मार्चच्या आत अपडेट करा नाहीतर स्टोअर आणि क्लाउडला जोडता येणार नाही असं सांगितलं होतं.

स्लो होण्याचं म्हणाल तर होमस्क्रीन २०२१ नंतर बदललाय, तो मला जड वाटतो. पण आपण पुस्तक उघडलं की तासभर त्यातच असतो, होमस्क्रीन कितीदा बघतो?

मुलुंडकर:
कॅलिबरवाला, धन्यवाद! फुटलेली सगळी मोबीच निघाली. एक पुस्तक मुक्त घालून एझेडडब्ल्यू३ केलं, अक्षर न् अक्षर जागेवर आलं. आता अपडेट सुरक्षिततेसाठी करायचं ठरवतोय. वायफायने करू की केबलने? आणि माझ्या खुणा जातील का?

परळची_वाचक:
केबलने करा. आधी डॉक्युमेंट्सचं अख्खं फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करून ठेवा, त्यातच माय क्लिपिंग्ज नावाची टेक्स्ट फाइल असते, तुमच्या खुणा आणि टिपा तिथे असतात. एरवी अपडेटने काही पुसलं जात नाही, पण केबलने टाकलेल्या पुस्तकांतल्या खुणा क्लाउडवर नसतात, गेल्या तर गेल्याच. मग कंपनीच्या साइटवरून तुमच्याच मॉडेलची अपडेटची फाइल (शेवटी .bin असलेली) घ्या आणि ती कुठल्याही फोल्डरात न घालता थेट बाहेर ठेवा, इजेक्ट करा, सेटिंग्जच्या तीन टिंबांत 'अपडेट युअर किंडल' येईल. ते पुसट दिसलं तर फाइल दुसऱ्या मॉडेलची किंवा चुकीच्या जागी आहे असं समजा. चार्जिंग भरपूर असू द्या. आणि केबल डेटा नेणारी घ्या, स्टेशनबाहेरच्या स्वस्तातल्या बऱ्याचशा नुसत्या चार्ज करतात, किंडल कॉम्प्युटरला दिसतच नाही, मग लोक मशीनलाच दोष देतात. लॅमिंग्टन रोडला मायक्रो यूएसबीची चांगली केबल अजून मिळते.

गिरगावातला:
आणि अपडेटनंतर पहिले काही दिवस बॅटरी लवकर उतरली तर घाबरू नका, बरीच पुस्तकं असली की त्यांचं इंडेक्सिंग (शोधण्यासाठी शब्दांची सूची बनवणं) चालू असतं, रात्री चार्जरला लावून ठेवा.