एमजीबी १९६५: ॲक्सिलरेटर दाबला की गाडी अडखळते, काय करू?

लीड्सकर: मंडळी, दोन महिन्यांपूर्वी ही लाल बया (एमजीबी, उघड्या छपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) घरी आणली. चालते झकास, पण पाय जोरात दाबला की क्षणभर श्वास कोंडल्यासारखी थांबते आणि मग एकदम उधळते. प्लग बदलले, इग्निशनचे पॉइंट्स (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) साफ केले, फरक शून्य. आणि चावी फिरवली की मागून टिकटिक येते ती कसली?

जुनाटप्रेमी: टिकटिक म्हणजे एसयू कंपनीचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप, ती आली तर खूश व्हा! नाही आली की आम्ही पंपाला लाकडी दांडक्याने हळूच टकटक करतो, पंपातले चिकटलेले पॉइंट्स सुटतात आणि बाई सुरू. अडखळण्याचं म्हणाल तर आधी दोन्ही कार्ब्युरेटरच्या (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागांच्या) डोक्यावरची काळी टोपी फिरवून वर काढा, खाली दांडी असते, ती परत आत घालताना तेलाचा अडसर लागायला हवा. नाही लागला तर डॅशपॉट (ती दांडी जाते ती तेलाची नळी) कोरडा आहे, २० नंबरचं तेल घाला.

मिसेस_स्पॅनर: आणि १९६५ ची असेल तर पॉझिटिव्ह अर्थ (म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं, आजच्या गाड्यांच्या उलट) आहे बरं का, सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. माझ्या नवऱ्याने न बघता आधुनिक रेडिओ जोडला, गाणं काही लागलं नाही, धूर मात्र छान निघाला 😄

लीड्सकर: अहो, डावा डॅशपॉट ठणठणीत कोरडा! तेल घातलं, आता सुसाट. फक्त पाऊस आला, आणि छप्पर लावेपर्यंत मी पूर्ण भिजलो.