मदत हवी आहे: भर दुपारी सोलर इन्व्हर्टर ट्रिप होतो

सोलापूर. गच्चीवर ३ किलोवॅट ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) सोलर, ५४० वॅटची ६ पॅनेल, दक्षिणमुखी, सिंगल फेज, नेट मीटर, बॅटरी नाही. स्वच्छ उन्हात रोज १२-१३ युनिट यायला हवीत, मिळतात जेमतेम ८. ११ ते ३ मध्ये, म्हणजे नेमकं ऊन तापलेलं असताना, इन्व्हर्टर 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' (लाइनचं व्होल्टेज जास्त) दाखवून बंद पडतो. तेव्हा २५८ व्होल्ट असतात. सावली नाही, पॅनेल स्वच्छ आहेत. एसी केबल ४ ची ६ स्क्वेअर एमएम केली, टर्मिनल आवळली. फरक १ व्होल्टचा. इन्व्हर्टर बंद ठेवूनही मीटरपाशी २५०-२५२ दिसतात, त्यामुळे दोष घरच्या वायरिंगचा वाटत नाही. ट्रिपची मर्यादा परस्पर वाढवायची नाही. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (त्यातून बाहेर येणारं व्होल्टेज ठरवणारी जोडणी) उतरवून घेण्यासाठी वीज कंपनीच्या अर्जाला कोणत्या नोंदी जोडाव्यात? आणि तोवर व्होल्ट-वॅट मोड (व्होल्टेज वाढलं की इन्व्हर्टर बंद न पडता वीज कमी सोडतो) लावला तर युनिट वाचतील का?